कमरांची बेरीज

टक्!

हा आवाज मी ऐकला त्याला आता पंचावन्न वर्षं होतील. उस्तादांचा मापाचा लोखंडी गज माझ्या करंगळीपासून दोन सुतं अलीकडे टेबलावर पडला होता. (उस्तादांचा हात मापाला पक्का. मारायचाच असता तर लागला असता.) मी तेव्हा त्यांच्या दुकानात शिवणकाम शिकत होतो. त्या दिवशी शाळेचे हेडमास्तर पँट शिवायला आले होते. उस्ताद टेप धरून आकडे सांगत होते, मी लिहीत होतो. आपण ऐकलेलं बरोबर आहे ना, याची खात्री करावी म्हणून मी मोठ्यानं विचारलं, "कंबर चव्वेचाळीस ना?"

दुकानात सात-आठ माणसं होती. त्यांतले दोघे हेडमास्तरांच्याच शाळेत शिकत होते. हेडमास्तरांनी कापडाची घडी केली, काखेत मारली आणि समोरच्या दुकानात गेले. मग ते टक्.

"गिऱ्हाइकाचं माप म्हणजे त्याचं गुपित," उस्ताद म्हणाले. "ते त्याच्या बायकोलासुद्धा आपल्या तोंडून कळता कामा नये. वहीत लिहायचं ते असं लिहायचं, की वही रस्त्यात पडली तरी उचलणाऱ्याला काही कळू नये."

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यामुळे जे थोडं शिकलो ते पक्कं धरून ठेवलं. तेव्हापासून माझ्या वहीत गिऱ्हाइकाचं नाव नसतं आणि कुठला आकडा कशाचा, तेही नसतं. नावाच्या जागी मला ओळखू येईल अशी खूण. 'दोन चष्मे.' 'डावा खांदा खाली.' 'उद्याच पाहिजे.' आणि पुढे नुसते आकडे, ठरलेल्या क्रमानं. पँट असेल तर लांबी, कंबर, सीट, मांडी आणि मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर. शर्ट असेल तर दुसरा क्रम. शेवटी कपडा नेल्याची तारीख. मजुरी मी लिहीतच नाही. मजुरी हातात येते, संध्याकाळी घरी जाते आणि हिच्या डब्यात पडते. तिथून पुढे मला तिचा पत्ता नसतो.

ही सगळी शिस्त पंचावन्न वर्षं उत्तम चालली. मग आमच्या नातीला प्रवेश मिळाला.

नातीला घरात सगळे बटण म्हणतात. वर्षाची असताना तिनं माझ्या दुकानातलं कोटाचं बटण गिळलं होतं. (ते परत मिळालं. त्या कोटाला मी दुसरंच लावलं, एवढं इमानानं सांगतो.) बटण, तिची आई म्हणजे माझी मुलगी, ही आणि मी, असे आम्ही चौघं. मुलगी एका दवाखान्यात चादरी धुण्याच्या कामावर आहे. बटणाला ज्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली तिथे कृत्रिम हातपाय तयार करून माणसांना बसवायला शिकवतात. तीन वर्षांची फी पाहून मी कागद उलटा करून बघितला होता, मागे काही सूट लिहिली आहे का म्हणून.

सूट होती. ज्यांच्या घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे, त्यांची सगळी फी माफ. कागदपत्रं नीट होईपर्यंत वर्गात बसायलाही देत होते. बटण वर्गात जाऊ लागली. पांढरा कोट मीच शिवून दिला.

मुलीच्या पगाराचा कागद होता. माझ्या कमाईचा कुठलाच कागद नव्हता.

"वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या," ही म्हणाली. "शेजारच्या इस्त्रीवाल्यानं तेच केलं."

"वकील किती घेतो?"

हिनं सांगितलं.

"एवढ्यात दोन पँटी होतात," मी म्हणालो. "माझ्याकडे वही आहे की. वर्षभराचं सगळं काम त्यात आहे."

गोष्ट एवढीच. दोन पँटींची मजुरी वाचवावी असं मला वाटलं. त्यात माझं काय चुकलं, असं मी नंतर हिला विचारलं होतं. तिनं सविस्तर सांगितलं.

कॉलेजच्या खिडकीवर एक कारकून होता. चाळिशीतला, भला माणूस, शर्टाची कॉलर जरा घट्ट. त्याला मी वही दिली.

"मास्तर, यात वर्षाचं सगळं आहे ना?" त्यानं विचारलं.

"एकही काम सुटलेलं नाही."

"हे सगळे तुमच्याच हातचे आकडे?"

"सगळे माझ्याच हातचे."

यात खोटं काय होतं सांगा. त्यानंही वही चाळून मान डोलावली. म्हणाला, "इतकी स्वच्छ वही मी या खिडकीवर पाहिली नाही." मी तर त्या दिवशी चालत घरी आलो. बसचे पैसे वाचवले आणि खुशीत त्यांचाच चहा प्यालो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बटणानं ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. अर्जदाराच्या आजोबांचं शिवणकामाचं उत्पन्न धरता घरचं उत्पन्न मर्यादेपेक्षा एकशे सहा रुपयांनी जास्त भरतं. सबब फी माफ करता येत नाही. येत्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत पूर्ण फी भरावी, नाहीतर ही जागा यादीतल्या पुढच्या मुलाला देण्यात येईल.

पहिली ही बोलली.

"चाळीस वर्षं मला सांगताय, धंद्यात काही राहत नाही."

"नाहीच राहत."

"मग हे काय? छापील कागद आहे! शिक्का आहे!"

"अगं, पण..."

"कुठे जात होते पैसे? खरं सांगा. आता या वयात मी काही करणार नाही."

"अगं, मला मिळालेच नाहीत!"

"तुम्हाला मिळाले नाहीत आणि कॉलेजला सापडले?"

मुलगी म्हणाली, "आई, थांब जरा. बाबा लपवून काय करतील? त्यांना स्वतःचा चष्मा लपवता येत नाही."

पत्राला एक तक्ता जोडला होता. बटण तो वाचू लागली. "दोन चष्मे, बेचाळीस, चौतीस, एकोणचाळीस, पंचवीस, सतरा. एकूण एकशे सत्तावन्न. डावा खांदा खाली..." ती थांबली. माझ्याकडे बघत म्हणाली, "आजोबा, ही मापं आहेत?"

"मग काय असणार?"

"कारकुनानं लोकांच्या कमरा मिळवल्यात?"

"फक्त कमरा नाहीत. मांड्यापण असतील."

बटण हसायला लागली. हसता हसता जमिनीवर बसली. तिची आई हसली, शेवटी हीसुद्धा हसली. मीही हसलो, कारण घरात एकट्यानं गंभीर राहणं बरं दिसत नाही. विचार केला तर हिशेब सरळ होता. यंदा गल्लीतली माणसं जरा सुटली होती. त्यांनी जेवणावर थोडा ताबा ठेवला असता, तर आमची नात फुकट शिकली असती.

मग बटण हसायची थांबली. कोट खुंटीवर होता, त्याच्याकडे बघत होती.

"आज आम्हाला पहिल्यांदा माप घ्यायला दिलं," ती म्हणाली. "एक ट्रकवाले काका होते. गुडघ्याखाली पाय नाही. माप घेताना ते सगळा वेळ छताकडे बघत होते, आजोबा. बाकीची मुलं आकडा ओरडून सांगत होती. मी जवळ जाऊन हळू सांगितला. तेव्हा त्यांनी खाली बघितलं. विचारलं, तुला कुणी शिकवलं?"

मी चष्मा पुसायला घेतला. (तो स्वच्छच होता.)

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं कॉलेजात गेलो. मुलीला सुट्टी मिळाली नाही. ही आली, कारण मला एकट्याला पाठवलं तर मी आणखी एखादी वही देऊन येईन, असं तिचं म्हणणं.

फीमाफीचा निर्णय एका डॉक्टरीणबाईंच्या हातात होता. खोली लहान, टेबल मोठं, भिंतीला प्लास्टरचे पाय ओळीनं टांगलेले. कारकून फाइल घेऊन बाजूला उभा होता. मी सगळं सांगितलं. मला हळू बोलायची सवय, त्यामुळे वेळ लागला. बाईंनी मध्ये तोडलं नाही.

"म्हणजे ही कपड्यांची मापं आहेत," त्या म्हणाल्या.

"हो बाई."

"आणि तुम्ही ती उत्पन्नाचा पुरावा म्हणून दिलीत."

"कामाचा पुरावा म्हणून दिली, बाई. उत्पन्न तेच असेल असं मी धरून चाललो."

"मास्तर, माझा विश्वास बसतोय. पण माझ्या फाइलीत तुम्ही स्वतः दिलेली वही आहे. उद्या कुणी विचारलं, तर मी काय दाखवू? तुम्ही एक करा. यातली कुठलीही एक ओळ घ्या, गिऱ्हाइकाचं नाव सांगा. आपण फोन लावून विचारू, तुमची कंबर इतकी इतकी आहे का. संपलं."

सोपं होतं. कारकुनानं फाइलीतून वही काढून दिली, मी ती उघडली. 'दोन चष्मे' म्हणजे आमच्या बँकेतल्या बाईंचे यजमान. 'उद्याच पाहिजे' म्हणजे औषधांच्या दुकानाचा मालक. एक बोट कुठेही ठेवायचं होतं. मी पानं उलटत राहिलो.

"सांगा की," ही म्हणाली.

"बाई," मी म्हणालो, "तेवढं विचारू नका."

"आजोबा!"

"लोक विश्वासानं हात वर करून उभे राहतात, बटणा. मग फोनवर त्यांची कंबर विचारायची?"

"अहो, पोरीची जागा जातेय!" ही म्हणाली. "त्या औषधवाल्याची कंबर रोज अख्खी गल्ली बघते. त्यात गुपित कसलं राहिलंय?"

बोलणं बरोबर होतं. पण तोंडातून नाव फुटेना. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या हट्टापायी पोरीचा कोट खुंटीवरून उतरणार, हे मला दिसत होतं. मग एकदम सुचलं.

"माझी ओळ आहे यात!" मी म्हणालो. "माझीच पँट शिवली होती यंदा. ही बघा. 'स्वतः.' माझं माप सांगायला माझी परवानगी आहे."

बाईंना ते पटलं. ओळीत कमरेच्या जागी तेहतीस लिहिलं होतं. बटणानं खिशातून टेप काढला, माझ्याभोवती फिरवला आणि खोलीबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "एकोणचाळीस!"

(परक्या माणसाचं हळू, आजोबांचं ओरडून.)

"मास्तर," बाई म्हणाल्या, "सहा इंचांचा फरक आहे."

"ते माप जरा जुनं आहे, बाई. पुन्हा घेतलं नाही. पाठ होतं म्हणून लिहिलं."

"किती जुनं?"

"लग्नातलं," ही म्हणाली.

"मग ही पँट तुम्हाला बसते कशी?"

"बसत नाही," ही म्हणाली. "कपाटात आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "जी एक ओळ तुम्ही तपासायला दिलीत, तीच खोटी निघाली. आता मी काय करू?"

बटणानं टेपची गुंडाळी केली, पुन्हा सोडली, पुन्हा केली. तिला रडू आलं की ती हातांना काम देते, लहानपणापासून. मी म्हणणार होतो की बाई, लावा फोन, औषधवाल्याला लावा. तोंड उघडलंसुद्धा होतं.

तेवढ्यात कारकून पुढे आला. तो मघापासून टेबलावरची वही वाचत होता.

"मॅडम, ही एक ओळ बघा. तारीख बघा. त्या दिवशी मी इथे कायम झालो. नवी पँट घालूनच कागदावर सही करायला आलो होतो. ती सकाळी यांच्याकडूनच आणली होती." त्यानं ओळीवरून बोट फिरवलं. "एक्केचाळीस, अडतीस, बेचाळीस. हा मीच आहे. म्हणजे मॅडम, मी स्वतःच्या हातानं माझी स्वतःची कंबर यांच्या उत्पन्नात मिळवली."

(मी त्याला खिडकीवर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, पण गिऱ्हाइकानं ओळख दिल्याशिवाय आपण द्यायची नसते.) मग त्याचं बोट ओळीच्या सुरुवातीला आलं. तिथली खूण त्यानं सावकाश वाचली.

"पोट आत."

"मास्तर, 'पोट आत' म्हणजे मी का?"

मी जमिनीकडे पाहिलं. उस्तादांनी गप्प राहायला शिकवलं होतं. खोटं बोलायला शिकवलं नव्हतं.

"माप घेताना तुम्ही..." मी म्हणालो, "म्हणजे बरेच जण ओढतात. तुम्ही जरा मनापासून ओढता."

कारकुनाचे कान लाल झाले. आता तो फाइल मिटणार, असं मला वाटलं. पण त्यानं शर्ट वर केला, हात बाजूला घेतले आणि म्हणाला, "घ्या माप. पँट तीच आहे."

मी टेप घेतला. त्यानं पोट आत घेतलं. मी आकडा पाहिला आणि सवयीनं बाईंच्या कानाशी गेलो. त्या दचकल्या, मग त्यांनी कान पुढे केला.

"अडतीस," मी हळूच म्हणालो.

लांबी, सीट, मांडी, मोहरी, सगळं मी असंच कानात सांगितलं. बाई वहीत बघत होत्या आणि एकेक आकड्याला मान हलवत होत्या. पाचही जुळले.

"झालं?" कारकुनानं दबलेल्या आवाजात विचारलं. तेवढा वेळ त्यानं श्वास सोडला नव्हता.

"झालं."

त्यानं श्वास सोडला. पट्टा करकरला. बाईंनी चटकन खिडकीबाहेर बघितलं. बटणानं भिंतीवरचे पाय मोजायला घेतले. मी मनात त्या माणसाला एक पँट फुकट शिवून द्यायचं ठरवलं, चाळीसच्या कमरेची. (मजुरी हिच्या डब्यात भरणार कशी, हा प्रश्न पुढचा.)

"आता खरा आकडा सांगा," बाईंनी नवा कागद ओढला. "शिवणकामातून हातात किती उरतं?"

"तसं बघितलं तर..." मी सुरुवात केली.

हिनं एक आकडा सांगितला.

"महिन्याला?"

"वर्षाला," ही म्हणाली. "दोरा, बटणं, सुया, दुकानाचं भाडं आणि विजेचं बिल जाऊन. एखाद्या वर्षी कमी."

बाईंनी आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. डॉक्टर लोक रोग्याला काही सांगायच्या आधी बघतात, तसं. मला तो आकडा पहिल्यांदाच कळत होता. मी कुणाकडे बघायचं ते मला सुचेना, म्हणून प्लास्टरच्या पायांकडे बघितलं.

"याचं प्रतिज्ञापत्र लागेल. वकिलाच्या सहीचं. पाचच्या आत."

वकील कॉलेजच्या फाटकाशीच बसत होता. घाईचं काम म्हणून त्यानं दुप्पट घेतले. चार पँटी गेल्या.

पाचला सात मिनिटं कमी असताना बटणाची फी माफ झाली. तिन्ही वर्षांची. बाईंनी सही केली, कारकुनानं शिक्का मारला आणि वही परत दिली. मी त्याच्याकडे बघून हात जोडले. तो म्हणाला, "मास्तर, त्या वहीत माझं नाव जरा बदला," आणि खिडकी लावून घेतली. बटण माझ्या गळ्यात पडली आणि मग मैत्रिणींना सांगायला आत धावली. कागदाची एक प्रत आमच्या हातात राहिली.

फाटकाबाहेर आल्यावर ही थांबली. "वाचा बघू," म्हणाली. "चष्मा तुमच्याकडे आहे."

मी वाचू लागलो. अर्जदाराचं नाव. अभ्यासक्रम. घरातल्या माणसांची यादी. 'कमावती व्यक्ती' या रकान्यात एकच नाव होतं, आमच्या मुलीचं. शेजारच्या रकान्यात तीन नावं होती. बटण, ही आणि मी.

"त्या दुसऱ्या रकान्यावर काय लिहिलंय?" हिनं विचारलं.

मी पुढचं वाचायला लागलो.

"अहो, रकान्यावर काय लिहिलंय?"

"अवलंबून असलेल्या व्यक्ती," मी म्हणालो. खाली बारीक अक्षरात नियमही छापला होता. ज्याची वर्षाची कमाई ठरावीक रकमेपेक्षा कमी, त्याला कमावता धरू नये. "तसं नाही, नुसता नियम आहे. कागदापुरतं."

मी वाट बघत उभा राहिलो. चाळीस वर्षांच्या संसारात हिनं हातात आलेली संधी कधी सोडलेली नाही. पुढची चाळीस वर्षं पुरेल एवढं या एका ओळीत होतं. मी मान खाली घालून तयारच होतो.

हिनं कागदाची नीट घडी केली. माझ्या हातातली वहीची पिशवी काढून घेतली, स्वतःच्या खांद्याला लावली आणि काही न बोलता पुढे चालू लागली.